दुकानाच्या कॅमेऱ्यात समोरच्या घराची खिडकी दिसत असेल, तर काय करावे?

जळगावच्या सराफ बाजारासारख्या दाटीच्या ठिकाणी दुकानाबाहेरच्या कॅमेऱ्यात समोरच्या माडीची खिडकी येणे जवळजवळ अटळ असते. मात्र त्यासाठी कॅमेरा काढण्याची गरज नाही. बहुतेक आयपी कॅमेऱ्यांच्या, म्हणजे नेटवर्कला जोडून चालणाऱ्या कॅमेऱ्यांच्या, सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी मास्क’ची सोय असते आणि तिच्या साहाय्याने चित्रातील तेवढाच चौकोन कायमचा काळा करता येतो. हा मास्क कॅमेऱ्यातच लावावा, कारण तेथे तो चित्रण साठवण्यापूर्वीच लागू होतो व झाकलेला भाग रेकॉर्डिंगमध्ये उतरतच नाही. केवळ पाहण्याच्या पडद्यावर लावलेला मास्क मूळ चित्रण उघडेच ठेवतो, आणि बसवणारे कारागीर नेमके हेच सांगायचे विसरतात. कॅमेरा फिरता असल्यास मास्क त्याच्यासोबत सरकतो की नाही, हे सगळीकडे फिरवून पाहावे.

चित्रफीत कोणाला द्यायची झाल्यास अनोळखी चेहरे पुसट करण्यापेक्षा पूर्ण झाकावेत, कारण हलक्या पुसटपणातून माणूस ओळखता येऊ शकतो. आवाजाची नोंद बंदच ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे, त्यामुळे शेजाऱ्यांची तक्रार निव्वळ कुरबुर समजू नये.