रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा छोटा संगणक) सोडून पाय ५ घेतला तर जुने गेम खरंच नीट चालतील का?

पहिल्या प्लेस्टेशनपर्यंतचेच गेम खेळायचे असतील तर पाय ४ पुरे, उगाच खर्च करू नका. फरक जाणवतो तो ड्रीमकास्ट, पीएसपी आणि निन्टेंडो ६४ या गेम-कन्सोलच्या गेमना. इम्युलेटरचा (जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरचा) मुख्य भार प्रोसेसरच्या एखाद-दुसऱ्या कोअरवरच पडतो, त्यामुळे चार कोअर असण्यापेक्षा त्यातला प्रत्येक किती वेगवान हे महत्त्वाचं. पाय ५चे कॉर्टेक्स-ए७६ कोअर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, तिथेच बाजी मारतात. गेमक्यूबचं मात्र गेमागणिक नशीब. प्लेस्टेशन २ची आशा सोडलेलीच बरी.

आणि पंखा लावाच! तापमान ८० अंशांच्या वर गेलं की चिप आपणहून वेग कमी करते. मघापर्यंत छान चाललेल्या गेमचा आवाज मधूनच तुटायला लागतो आणि लोक बिचाऱ्या इम्युलेटरला शिव्या घालत बसतात.