भिंत राखाडी, दिवा निळा : वाचकांचे प्रश्न, घरसजावटीची उत्तरं

प्रश्न : ताई, दिवाणखान्याला फिकट राखाडी रंग दिला. शेड कार्डावर किती सोज्वळ दिसत होता! दिवसा ठीक वाटतो, पण संध्याकाळी दिवे लावले की भिंती जांभळट दिसतात आणि खोली दवाखान्यासारखी वाटते. खिडकी उत्तरेला आहे, दारं पिवळसर पॉलिशची. पुन्हा रंगवून घ्यावं का?

उत्तर : थांबा, रंगाऱ्याला फोन करू नका. आधी स्टुलावर चढून छतातला दिवा काढा आणि त्यावर काय छापलंय ते वाचा. ६५०० के असं असेल (के म्हणजे केल्विन, प्रकाशाची छटा मोजायचं माप : आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर), तर निम्मा दोष तिथेच सापडला. हा भर दुपारच्या आभाळासारखा निळसर प्रकाश आहे. कार्यालयात चालतो, सोफ्यावर पाय पसरून बसायच्या खोलीत नाही. डच शास्त्रज्ञ क्रुइथॉफ यांनी १९४१ मध्ये आलेख काढून मांडलं होतं, की उजेड कमी असताना निळसर प्रकाश उदास वाटतो, पिवळसर बरा वाटतो. नंतरच्या प्रयोगांत त्यांचा आलेख तंतोतंत जुळला नाही. तरी दिवाणखान्यापुरता मी तो मानते.

आता दारांकडे या. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगांचं काम बघणाऱ्या शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाकडे तक्रार आली, की काळा धागा फिका पडतो. त्यांनी धागा तपासला, तर रंगात खोट नव्हती. खोट शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे दिसत होती. हे त्यांनी १८३९ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केलं. तुमच्या घरी तेच चाललंय. पिवळ्याशेजारी राखाडी ठेवली की डोळा तिच्यात पिवळ्याचा विरुद्ध रंग, म्हणजे जांभळा-निळा, भरतो. त्यात उत्तर गोलार्धात उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन फारसं येत नाही, येतो तो आभाळाचा निळसर उजेड. आणि राखाडी क्वचितच नुसती पांढरा अधिक काळा असते. डब्यात बहुधा निळ्याचा, हिरव्याचा किंवा लालसर रंगद्रव्याचा थेंब असतो. तो शेड कार्डाच्या बोटभर तुकड्यावर लपतो आणि सबंध भिंतीवर पसरला की बोलायला लागतो.

तेव्हा खोलीतले सगळे दिवे एकाच जातीचे घ्या, २७०० ते ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर. खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) ९० किंवा जास्त लिहिलेलं असू द्या, म्हणजे रंग खऱ्याजवळ दिसतील. आठवडाभर त्या उजेडात राहा. तरीही जांभळं दिसलं, तर मातकट झाक असलेली राखाडी शोधा. ती शोधताना हातभर लांब-रुंद हार्डबोर्डावर काठापर्यंत रंगाचे दोन हात द्या, पांढरी कड ठेवू नका. हा बोर्ड दारालगत, खिडकीलगत, सोफ्यामागे असा फिरवा, सकाळी बघा आणि रात्री दिवे लावून बघा. शेजारी कोरा पांढरा कागद धरलात तर छटा लगेच उघडी पडते. माझ्या गाडीच्या डिकीत असे बोर्ड कायम खडखडत असतात.

प्रश्न : छत पांढरंशुभ्र ठेवावं की भिंतीच्याच रंगाचं?

उत्तर : छत ठेंगणं असेल तर भिंतीचाच रंग, एक पायरी फिकट. पांढऱ्याची धारदार रेघ उंची कापते. फिनिश मात्र मॅटच. चकचकीत रंगावर तिरपा उजेड पडला की पुट्टीच्या पात्याचा प्रत्येक ओरखडा दिसतो.

प्रश्न : स्वयंपाकाच्या ओट्यावर करड्या शिरांचा पांढरा संगमरवर हवाय. दुकानदार म्हणतो, सीलर मारला की काही होत नाही. खरं का?

उत्तर : अर्धं खरं. सीलर डाग आत मुरणं लांबवतो. पण संगमरवर मुळात कॅल्शियम कार्बोनेट. लिंबाचा किंवा व्हिनेगरचा थेंब पडला की दगडच थोडा विरघळतो आणि तिथे निस्तेज ठिपका उरतो. तो पुसून जात नाही, पुन्हा घासून पॉलिश करावं लागतं. याला सीलर काय करणार? हौस असेलच तर चकाकी नसलेला, हॉन्ड फिनिशचा घ्या, त्यावर हे ठिपके कमी उठून दिसतात. किंवा ओटा क्वार्ट्झचा, म्हणजे कारखान्यात घडवलेल्या दगडाचा, करा आणि खरा संगमरवर मागच्या भिंतीला लावा. क्वार्ट्झवर लिंबाचं काही चालत नाही, मात्र त्यात राळ असल्यामुळे तापलेलं भांडं थेट टेकवू नका. आणि नमुन्याच्या तुकड्यावर भुलू नका, आख्खी लादी उभी करून बघा. तुकड्यात करडी वाटलेली शीर लादीत पिवळट निघाली, तर निळसर राखाडी कपाटांशी तिचं आयुष्यभर भांडण.

प्रश्न : सोफा, पडदे, गालिचा, भिंती, सगळं राखाडी केलं. महागाचं सामान आहे, पण घर शोरूमसारखं दिसतं. आमचे हे म्हणतात, लाल-पिवळ्या उशा टाकू.

उत्तर : त्यांना उशांपासून लांब ठेवा. घरात रंगाची उणीव नाही, गडद-फिकटाची आहे. मोबाइलवर खोलीचा काळा-पांढरा फोटो काढा. सोफा भिंतीत विरघळला असेल, तर दुखणं तेच. एक गोष्ट खरोखर गडद आणा : कोळशाच्या रंगाची खुर्ची, काळ्याभोर लाकडाचं बुटकं टेबल, नाहीतर आरशाला बारीक काळी चौकट. एक पुरते, तिन्ही नकोत.

मग पोत बघा. शांत रंगांची श्रीमंती डोळ्यांआधी तळहाताला कळते. खऱ्या लिननच्या पडद्यात धागा कुठे जाड, कुठे बारीक असतो, मधेच गाठ येते. त्यामागून उजेड आला की एकाच राखाडीत दहा राखाडी दिसतात. गुळगुळीत पॉलिस्टरमध्ये एकच दिसते, मग ते कितीही महाग असो. पडद्याचं कापड दांडीच्या रुंदीच्या दुप्पट तरी हवं, अडीचपट असलं तर उत्तम. चुण्यांत सावली साठली पाहिजे. दांडी खिडकीच्या डोक्यावर नको, छताजवळ लावा. गालिचा लोकरीचा, कापलेल्या आणि न कापलेल्या फाशांचा. आकारात कंजुषी नको, सोफ्याचे पुढचे पाय त्यावर आलेच पाहिजेत. खोलीच्या मधोमध पोरका पडलेला छोटा गालिचा बघितला की मला तो उचलून न्यावासा वाटतो.

आणि रात्री छतातले दिवे बंद. वरून सरळ खाली पडणारा उजेड पोत मारून टाकतो. बसल्यावर डोळ्यांच्या पातळीला येतील असे दोन-तीन टेबललॅम्प ठेवा, एक कोपऱ्यात भिंतीलगत. एवढं करून महिनाभर थांबा. उशा मागितल्या गेल्या, तर शेवाळी हिरव्या द्या.

प्रश्न : राखाडी-पांढऱ्या घरात मुठी, नळ, कड्या पितळेच्या की स्टीलच्या?

उत्तर : दोन्ही चालतील, पण एकाला घरमालक करा आणि दुसऱ्याला पाहुणा. अर्धं-अर्धं नको. क्रोम निळसर चमकतं, निकेलमध्ये किंचित ऊब असते, म्हणून थंड रंगांच्या न्हाणीघरात मी बहुतेक वेळा निकेल सुचवते. लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक लेप, नसलेलं पितळ काळवंडतं; ते आवडत असेल तरच घ्या, दर आठवड्याला घासत बसणार असाल तर नको. आणि एकाच दारावर मूठ पितळेची, बिजागऱ्या क्रोमच्या असं करू नका. सुतार म्हणेल कुणाला दिसतंय. दार उघडं असलं की सगळ्यांना दिसतं.