स्पीकर उडालाय की वायर तुटलीय?

प्रश्न : कारच्या डाव्या दारातला स्पीकर आवाज वाढवला की फरफरतो, मधेच गप्प होतो. नवीन घेऊ का?

उत्तर : थांबा, घाई नको. मधेच गप्प होतोय म्हणजे मला आधी वायरचाच संशय येतो, दार सारखं उघडबंद होऊन बिजागरीजवळ ती आतून तुटते, तर गाणं चालू ठेवून दार हलवून बघा, आवाज ये-जा करू लागला तर वायरच. मग स्पीकर काढा, वायरी सोडवा आणि स्पीकरच्या दोन टोकांना मल्टीमीटर, म्हणजे विजेचा रोध ओहममध्ये मोजणारं यंत्र, लावा, ४ ओहमच्या स्पीकरला साधारण ३ ते ४ दिसायला हवं, काहीच रीडिंग नाही म्हणजे कॉइल, आतली तारेची गुंडाळी, जळाली. रीडिंग बरोबर असेल तर कोन, म्हणजे स्पीकरचा समोरचा थरथरणारा पडदा, दोन्ही बाजूंनी बोटांनी अलगद दाबा, खरखर लागली तर कॉइल घासतेय, मग मात्र बदलाच. आणि नवीन बसवल्यावर अँपचा (अँप्लिफायरचा) गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ती सेटिंग, कमी ठेवा हो, फाटका आवाज तसाच वाजवत राहिलात तर तोही जळेल.