हूड लावू की काढू?

प्रश्न : चोपडा तालुक्यात आमची कपाशी आहे. पानामागचे किडे टिपायला १०० मिमीची मॅक्रो लेन्स घेतली. सोबत आलेला हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारं, ऊन अडवणारं नळकांडं) लावून कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उघडला की फोटोत खाली काळी कमान येते. गावातले फोटोवाले म्हणतात, हूड कधी काढायचा नाही. भाऊ, काय करू?
– एक कपाशीवाला

उत्तर : दादा, त्यांचं म्हणणं लग्नाच्या मांडवात ठीक आहे. किड्याला भिडायचं असेल तर हूड काढा.

लेन्सवर ०.३ मीटर लिहिलेलं असतं, ते सगळ्यात जवळच्या फोकसचं अंतर, पण सेन्सरपासून (कॅमेऱ्यात चित्र उमटतं त्या जागेपासून) मोजलेलं. (कॅमेऱ्याच्या माथ्यावर गोलातून रेघ गेलेली खूण असते, ती सेन्सरची जागा.) त्यातून लेन्सची लांबी आणि सेन्सरपासून लेन्सच्या बुडापर्यंतचं अंतर वजा केलं की १:१ ला (म्हणजे किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा उमटतो तेव्हा) पुढच्या काचेपासून पानापर्यंत १३-१४ सेंमीच्या आसपास उरतात. सहा-सात सेंमीचा हूड लावला की त्यातलं अर्धं गेलं. मग हुडाची कड पानाला घासते आणि पांढरी माशी भुर्रकन उडते. तुडतुडा तर उडायच्या आधीच तिरका चालत पानाच्या कडेआड जातो. ६० मिमीच्या लेन्सवाल्यांचे हाल याहून वाईट, त्यांच्याकडे जागाच कमी.

काळी कमान म्हणजे हुडाची सावली. फ्लॅश वर, किडा लेन्सच्या अगदी पुढ्यात, मधे हूड आडवा. पण इतक्या जवळून कधी कधी लेन्सचं नळकांडंसुद्धा सावली पाडतं, म्हणून नुसता हूड काढून भागलं नाही तर वायर लावून वेगळा फ्लॅश बाजूला धरा. पुढे बटर पेपर लावा, नाहीतर माव्याच्या चिकट्यावर पांढरे ठिपके चमकतात. लेन्सच्या तोंडावर बसणारा रिंग फ्लॅश घेतलात तर बहुतेक वेळा हुडाला जागाच उरत नाही.

हूड निरुपयोगी आहे असं मात्र नाही. चौकटीबाहेरचं ऊन पुढच्या काचेवर पडलं की ते आतल्या काचांमधे उसळत राहतं, फोटोवर पांढुरका पडदा येतो, काळा रंग राखाडी होतो. सकाळी सूर्य समोर, पान पाठीमागून उजळलेलं, शिरा दिसतायत, अशा वेळी हे हमखास होतं. आणि खरं सांगायचं तर कपाशीचे फोटो सकाळीच काढावेत. गारव्यात किडे सुस्त असतात आणि आपलंही डोकं तापत नाही. तेव्हा समोरून काचेकडे बघा. तिच्यावर ऊन पडतंय? मग टोपीने किंवा तळहाताने आडोसा करा, फक्त हात चौकटीत येऊ देऊ नका. एक फोटो आडोशाने, एक आडोशाविना काढून शेजारी ठेवा, फरक कळेल. सूर्य पाठीमागे असेल तर हे काहीच लागत नाही, आपलीच सावली पानावर पडत नाही ना, एवढं बघा.

काही मॅक्रो लेन्सची पुढची काच मुळातच खोल बसवलेली असते, तिला नळकांड्याचाच आडोसा मिळतो. तुमची तशी आहे का, ते बघून घ्या.

काचेला काडी लागेल ही भीती असेल तर साधा फिल्टर लावा. उन्हाकडे तोंड केलं की तोही काढा, कारण चमकायला आणखी एक काच वाढते. फवारणी झालेल्या दिवशी मात्र शेतात कॅमेरा नेऊच नका, फिल्टर असो वा नसो.

रावेर-यावलकडे केळफुलाचा फोटो हातभर अंतरावरून घ्यायचा असेल, तर हूड खुशाल लावा.