फी माफ केली तरी दंड का?

प्रश्न : वाचनात आलं की २०११ साली स्पर्धा आयोगाने एनएसईला (नॅशनल स्टॉक एक्स्चेंज) ५५.५ कोटींचा दंड केला, कारण काय तर करन्सीच्या सौद्यांवर फी घेतली नाही. गिऱ्हाईकाला फुकट मिळत होतं, मग बिघडलं कुठे? – एक वाचक, सांगली

उत्तर : एनएसईने ऑगस्ट २००८ मध्ये रुपया-डॉलरचे सौदे सुरू केले आणि फी माफ ठेवली. ऑक्टोबरमध्ये एमसीएक्स-एसएक्स हे नवीन एक्स्चेंज आलं, त्यालाही फी लावता येईना, कारण लावली तर तिकडे फिरकणार कोण? एनएसईची शेअर्स आणि एफअँडओतून (फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे) दणकून कमाई होती, इकडचा तोटा तिकडून भरून निघायचा, पण नव्या एक्स्चेंजला तेव्हा करन्सीशिवाय दुसरं काहीच नव्हतं, म्हणजे पहिल्या दिवसापासून खिशातूनच घालायचे. २००९ मध्ये एमसीएक्स-एसएक्सने तक्रार केली, आयोगाने ही शून्य किंमत अन्याय्य ठरवली, २०१४ मध्ये अपील न्यायाधिकरणानेही दंड कायम ठेवला, मग प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं.

मला स्वतःला आयोगाचं पटतं. घेणारा तिथेच जातो जिथे विकणारा हजर असतो, त्यामुळे सौदे एकदा एका जागी जमले की सहसा हलत नाहीत, आणि समोरचा एकदा उठून गेला की मग फी किती लावायची हे उरलेला एकटाच ठरवणार. कंपनी मोठी आहे म्हणून दंड नाही हो, १९६९ च्या एमआरटीपी (मक्तेदारीविरोधी) कायद्याचा डोळा आकारावर होता, २००२ चा स्पर्धा कायदा मोठेपणाचा गैरवापर झाला का ते बघतो.

आणि हेही विसरू नका की एनएसई स्वतः १९९४ मध्ये नवखीच होती! बीएसई म्हणजे मुंबईचा जुना शेअर बाजार, ब्रोकरांची स्वतःची संस्था, रिंगमध्ये म्हणजे बाजाराच्या हॉलमध्ये ओरडून सौदे व्हायचे, एनएसईची मालकी वित्तसंस्था आणि बँकांकडे, सौदे थेट स्क्रीनवर, त्यामुळे सांगलीतल्या माणसालाही मुंबईतल्यासारखाच भाव दिसायला लागला. साधारण वर्षभरात ती उलाढालीत पुढे गेली, बीएसईलाही १९९५ मध्ये स्क्रीन आणावी लागली. हे नव्याला शिरायला वाव होता म्हणून झालं, तोच वाव पुढच्यालाही मिळायला हवा.

प्रश्न : बीएसईचा शेअर एनएसईवर का घ्यावा लागतो? – एक वाचक, नाशिक

उत्तर : कारण एक्स्चेंजला स्वतःच्याच बाजारात लिस्ट होता, म्हणजे आपले शेअर सौद्यांसाठी नोंदवता येत नाही, स्वतःवरच नजर कशी ठेवणार? बीएसई २००५ मध्ये ब्रोकरांच्या संस्थेतून कंपनी झाली आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये एनएसईवर लिस्ट झाली.