व्हिडिओ आणि साउंड आर्ट शिकताना नेमकं काय शिकवतात? प्रवेशाआधी चांगला कॅमेरा घ्यावा का? आणि पुढे काम मिळतं का?

कॅमेरा घेऊ नका. फोनमधला पहिली दोन वर्षं पुरतो, विभागाकडचे कॅमेरे नाव नोंदवून मिळतात, आणि आज घेतलेला कॅमेरा अंतिम प्रदर्शनापर्यंत जुना झालेला असतो. एका प्रश्नाचं उत्तर झालं.

प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही जाता जाता एक वाक्य टाकलंय: "मला मुख्यतः व्हिडिओत रस आहे, साउंड त्यासोबत जमून जाईल." मी लिहायला बसले ती या वाक्यामुळे. थोड्या वेगळ्या शब्दांत हेच माझ्या वर्गातल्या एका मुलाने पहिल्या आठवड्यात ऐकवलं होतं. त्याच्या मते आवाज चित्राला मागाहून लावायचा असतो, भिंतीला रंग लावतात तसा. त्याला इथे प्रोजेक्टरवाला म्हणते. का, ते कळेलच.

काय शिकवतात ते आधी उरकते. एडिटिंग, रेकॉर्डिंग, प्रोजेक्शन, थोडं इलेक्ट्रॉनिक्स, थोडा इतिहास, आणि दर काही आठवड्यांनी क्रिट. क्रिटमध्ये आपण काम मांडून गप्प उभं राहायचं आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. सॉफ्टवेअर कोणी मन लावून शिकवत नाही, ते रात्री जागून आपलं आपणच शिकायचं. खरा वेळ खातात त्या दुरुस्त्या. एका प्लेअरवर चित्राचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, आणि दुसऱ्यावर त्याचाच आवाज, असे दोन्ही सकाळी एकदम सुरू करा. प्रत्येक फेरी संपल्यावर पुन्हा सुरू व्हायला दोघं किंचित वेगळा वेळ घेतात, आणि दुपारपर्यंत चित्र एकीकडे, आवाज दुसरीकडे. सेकंदाला 25 फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे 40 मिलिसेकंद. बोलणाऱ्या माणसाच्या ओठांत आणि शब्दांत तीन-चार फ्रेमचं अंतर पडलं तरी काहीतरी चुकतंय हे कोणालाही जाणवतं. अशा गोष्टींमागे आमचे आठवडेच्या आठवडे गेले आहेत. माहितीपत्रकात हे नसतं.

पहिल्या सत्रात मॅडमनी एक स्वाध्याय दिला होता. अमेरिकन संगीतकार ॲल्विन ल्युसियरचं 1969 चं 'आय ॲम सिटिंग इन अ रूम' आहे ना, त्याच पद्धतीने. खोलीत बसून एक परिच्छेद बोलायचा, रेकॉर्ड करायचा, ते रेकॉर्डिंग त्याच खोलीत वाजवून पुन्हा रेकॉर्ड करायचं, मग ते वाजवून पुन्हा. प्रत्येक फेरीत खोली आपल्याला हवे ते स्वर फुगवते, बाकीचे गिळते. शेवटी शब्द विरघळून जातात आणि नुसता खोलीचा गुंजारव उरतो. मी जिन्याखालच्या कोठडीत बारा फेऱ्या केल्या, मला ते काम कंटाळवाणं वाटलं, मार्क बरे पडले. "प्रत्येक खोलीला स्वतःचे स्वर असतात" असं वहीत लिहिलं आणि विसरले. हे विसरणं मला पुढे चांगलंच महागात पडलं.

आता अंतिम प्रदर्शन. जागा कमी, मुलं जास्त, म्हणून एका मोठ्या दालनात प्लायवूडची पार्टिशनं घालून खोल्या पाडलेल्या. माझ्या आणि प्रोजेक्टरवाल्याच्या मध्ये एकच प्लाय. त्याचं काम म्हणजे क्षितिजाची एक बारीक रेघ. कॅमेरा हलत नाही, माणूस नाही, पक्षी नाही, आवाजही नाही, बावीस मिनिटं फक्त रेघ. माझं काम लिफ्टच्या मोटरची घरघर. मी ती यंत्रखोलीत रेकॉर्ड केली, एक सप्तक खाली ओढली आणि चार स्पीकरवर सोडली. ती साधारण वीस सेकंदांत भरून यायची आणि मग ओसरायची. सोबत छोट्या पडद्यावर रिकाम्या लिफ्टचा दरवाजा उघडतो, मिटतो. खालच्या पट्टीसाठी सबवूफर होता, तो मी कोपऱ्यात ठेवला, कारण दुसरीकडे जागाच नव्हती.

तीन रात्री खोलीच्या मधोमध खुर्ची टाकून मिक्स केलं. खालचा स्वर काही केल्या पुरेसा येईना. वाढवला. तरी येईना. अजून वाढवला. शेवटी ॲम्पच्या नॉबवर पांढऱ्या चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून खूण केली आणि झोपायला गेले.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आले तर नॉब खुणेच्या बराच खाली. मला वाटलं, साफसफाई करताना कोणाचा धक्का लागला असेल. वर केला. तिसऱ्या दिवशी पुन्हा खाली. धक्का लागून नॉब दोन्ही वेळा नेमका तेवढाच फिरत नाही. माझा संशय कोणावर गेला असेल ते सांगायला नको. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "हेडफोन का नाही लावत? ज्याला ऐकायचंय तो ऐकेल."

इथे थोडं थांबते. हेडफोन हा साउंड आर्टवाल्याला आयुष्यभर मिळणारा सल्ला आहे, आणि तो देणाऱ्याला आपला आवाज नको असतो, एवढाच त्याचा अर्थ. प्रोजेक्टरवाल्याला कोणी म्हणत नाही की तुझ्या उजेडाचा त्रास होतोय, चित्र एका खोक्यात ठेव आणि भोकातून दाखव. चित्राला भिंत मिळते, अंधार मिळतो, काळा पडदा मिळतो. आवाजाला सांगतात, जरा कमी कर. माझं काम एका जागेत भरून राहणाऱ्या स्वराचं होतं. हेडफोन कानांवर चढवले की ती जागाच जाते. चाळीस-पंचेचाळीस हर्ट्झचा स्वर कानाइतकाच छातीला आणि तळपायांना कळतो. तो हेडफोनमध्ये कोंबून काय ऐकवणार?

तर नॉब पुन्हा वर केला. त्या दिवशी दुपारी क्रिट होतं, बाहेरून एक पाहुण्या समीक्षक आल्या होत्या. माझ्या खोलीत त्या जेमतेम चार मिनिटं थांबल्या. मधोमध उभ्या राहून म्हणाल्या की कल्पना चांगली आहे, पण आवाज जरा पोकळ वाटतो. मी गप्प. मग पलीकडे गेल्या आणि त्या रेघेसमोर खिळून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ही रेघ श्वास घेतेय. जाड होते, बारीक होते, पुन्हा जाड होते, इतक्या हळू की आधी वाटतं आपल्या डोळ्यांचा भास आहे. स्थिर चित्रात इतकी जिवंत हालचाल कशी आणली, असं त्यांनी विचारलं. प्रोजेक्टरवाला दोन क्षण घुटमळला. मग म्हणाला, "थँक यू. ती प्रक्रिया मला उघड करायची नाही."

त्या दिवसानंतर प्रदर्शन संपेपर्यंत माझा नॉब एकदाही हलला नाही.

मला तेव्हा दुव्याला दुवा जोडता आला नाही. मी फक्त जळत होते. उलगडा झाला तो शेवटच्या दिवशी, आवराआवर करताना. काम अजून वाजत होतं आणि मी पार्टिशनलगतची केबल काढायला वाकले. घरघर भरून आली तशी छातीत धडधडली, प्लायला हात लावला तर तो थरथरतोय. उठून मधोमध आले, स्वर गायब. पुन्हा भिंतीकडे गेले, पुन्हा छातीत. चार-पाच वेळा येरझाऱ्या घातल्या. मग टेप आणून खोली मोजली. समोरासमोरच्या भिंतींमध्ये चार मीटर.

हिशेब शाळेतला आहे. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर, भागिले अंतराची दुप्पट म्हणजे 8. उत्तर सुमारे 43 हर्ट्झ. हा त्या दोन भिंतींमधला सगळ्यात खालचा घुमणारा स्वर, आणि माझी खाली ओढलेली मोटर नेमकी तिथेच येऊन बसली होती. या स्वराचा दाब भिंतींशी सगळ्यात जास्त असतो आणि बरोबर मध्यावर जवळपास शून्य. म्हणजे मी तीन रात्री खोलीतल्या अशा एकमेव पट्ट्यात खुर्ची टाकून बसले होते जिथे माझा स्वर ऐकूच येत नव्हता, आणि ऐकू येत नाही म्हणून वाढवत होते. सबवूफर कोपऱ्यात, म्हणजे खोलीचे सगळे घुमणारे स्वर सगळ्यात जास्त चेतवले जातात तिथे. पाहुण्या उभ्या राहिल्या त्याही मधोमध. त्यांना पोकळ वाटणारच.

आणि पार्टिशनच्या पलीकडच्या अंगाला, खांद्याच्या उंचीवर, त्याच प्लायला स्क्रू मारून बसवलेला होता त्याचा प्रोजेक्टर. प्रोजेक्टर केसभर हलला तरी समोरच्या भिंतीपर्यंत पोचताना ती हालचाल कितीतरी मोठी होते. सेकंदाला 43 वेळा हलणारी रेघ डोळ्याला हललेली दिसत नाही, जाड झालेली दिसते. माझी घरघर भरून आली की रेघ जाड, ओसरली की बारीक. तिचा श्वास म्हणजे माझी लिफ्ट होती.

मी त्याला तिथेच सांगितलं. त्याने खांदे उडवले आणि म्हणाला, असेलही, पण शेवटी दिसलं ते चित्रच ना.

यावर तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आज आहे. नाम जून पाइकने 1963 मध्ये जर्मनीत वुपरटालला जे प्रदर्शन मांडलं, जिथून व्हिडिओ आर्टचा इतिहास सांगायला सुरुवात करतात, त्याच्या नावातच आधी 'संगीताचं प्रदर्शन' आहे आणि मग 'इलेक्ट्रॉनिक टेलिव्हिजन'. त्यातल्या एका टीव्हीला मायक्रोफोन जोडलेला होता, त्यात आवाज केला की पडद्यावर नक्षी उसळायची. पाइक संगीतातून आला. व्हिडिओ कलाकार स्टाइना वासुल्का मूळची व्हायोलिनवादक. व्हिडिओ कलाकार बिल व्हायोला तरुणपणी संगीतकार डेव्हिड ट्युडरसोबत ध्वनीच्या प्रयोगांत वाजवत होता. पोर्टापॅकसारखा उचलून नेता येणारा व्हिडिओ रेकॉर्डर 1967 साली आला आणि त्यात चित्र उतरायचं तेही चुंबकीय टेपवरच, आवाजासारखंच. चित्राला आवाज मागाहून लावतात ही सवय सिनेमाची. आपल्या विषयात आवाज दार उघडून आधी आत आला, चित्र त्याच्या मागून. हे त्याला त्या दिवशी सांगायचं राहून गेलं, म्हणून तुम्हाला सांगतेय.

कामाचं विचारलंत. मिळतं, पण पदवीवर लिहिलेल्या नावाचं मिळत नाही. माझ्या वर्गातले बरेचजण एडिटिंग करतात, दोघं सिनेमांच्या साउंडवर आहेत, एक शिकवते. मी दुसऱ्यांच्या प्रदर्शनांत प्रोजेक्टर आणि स्पीकर बसवून देते, आणि वर्षातून एखादं काम माझं स्वतःचं. प्रोजेक्टर पार्टिशनला लावू देत नाही. कोणी विचारलं तर कारण सांगते, मोठी गोष्ट सांगत नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या, आता सांगते. हेडफोनबद्दल मी फार ताणलं असेल. बायनॉरल रेकॉर्डिंग, म्हणजे दोन कानांच्या जागी दोन मायक्रोफोन ठेवून केलेलं, हेडफोनसाठीच असतं, तिथे स्पीकर लावले की ते मरतं. कुजबुज, जवळचा श्वास, कानाशी बोलणारा माणूस, अशा कामांनाही हेडफोन शोभतात. शिवाय एका दालनात दहा कामं असतील तर कोणाचा आवाज कुठवर जाऊ द्यायचा हे आधी बसून ठरवावं लागतं. आम्ही ते ठरवलं नव्हतं आणि तो दोष एकट्या त्याचा नाही. आणि हो, माझं मिक्स चुकलेलं होतं. पलीकडे बसणाऱ्या माणसाला दिवसभर 43 हर्ट्झचा मार खाऊन काय वाटत असेल, हे मला तेव्हा सुचलंही नव्हतं. पहिल्या दिवशी त्याने येऊन "तुझ्या आवाजाने माझं चित्र हलतंय" एवढं सांगितलं असतं तर मी त्याच रात्री खुर्ची हलवली असती, आणि माझंही काम सुधारलं असतं.

तुम्ही प्रवेश घेतलात तर पहिल्या आठवड्यात जी खोली मिळेल तिच्यात 20 हर्ट्झपासून 200 पर्यंत चढत जाणारा एक साधा स्वर सोडा आणि भिंतीकडून भिंतीकडे चालत राहा. त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही, फक्त लॅपटॉपच्या स्पीकरवर करू नका, त्यांच्यातून इतका खालचा स्वर निघतच नाही. विभागाकडचा मोठा स्पीकर मागून घ्या. पैसे खर्च करायचेच असतील तर एक बरा रेकॉर्डर घ्या, आणि वाऱ्याचा आवाज अडवायला त्याच्या मायक्रोफोनवर चढवायची केसाळ टोपी.

प्रोजेक्टरवाला हे वाचत असेल तर: रेघ सुंदर होती. पण नॉबला हात लावायच्या आधी विचारायचं होतंस.