अमेरिकेत अंत्यविधीला किती खर्च येतो आणि तो आवाक्यात कसा ठेवायचा?

तुम्ही विचारलंय की आई-बाबा सहा महिन्यांसाठी अमेरिकेत तुमच्याकडे आलेत, दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे, आणि काही बरंवाईट झालंच तर इथे अंत्यविधीचा खर्च किती येतो, तो झेपेल असा कसा ठेवायचा. हे आत्ताच विचारलंत ते फार बरं केलंत. अभद्र बोलू नये म्हणून घरोघरी हा विषय टाळतात आणि मग ऐन वेळी, डोकं चालत नसताना, समोरचा सांगेल त्या कागदावर सही होते.

आधी आकडे. फ्युनरल होम म्हणजे पार्थिव नेण्यापासून दहन-दफनापर्यंतची व्यवस्था पैसे घेऊन करणारी इथली संस्था. अशा फ्युनरल होमवाल्यांची राष्ट्रीय संघटना आहे, नॅशनल फ्युनरल डायरेक्टर्स असोसिएशन. तिच्या २०२३ च्या पाहणीत अंत्यदर्शन, समारंभ आणि दफन यांचा मध्यक ८,३०० डॉलर निघाला. दर्शन-समारंभासह दहनाचा ६,२८० डॉलर. म्हणजे निम्म्या ठिकाणी याहून जास्त, निम्म्या ठिकाणी कमी. दफनाच्या आकड्यात स्मशानातली जागा आणि वरची शिळा धरलेली नाही. याउलट ‘डायरेक्ट क्रिमेशन’, म्हणजे पार्थिव नेणं, कागदपत्रं करणं, दहन आणि अस्थी परत देणं एवढंच, साधारण १,००० ते ३,००० डॉलरमध्ये होतं. एकाच शहरात एकाच कामासाठी दुप्पट-तिप्पट फरक सर्रास दिसतो आणि कामाच्या दर्जाशी त्या फरकाचा फारसा संबंध नसतो.

खर्च वाढतो किंवा आटोक्यात राहतो तो बहुतेकदा पहिल्या फोनवर. हॉस्पिटलमध्ये मृत्यू झाला की तासाभरात नर्स किंवा सोशल वर्कर विचारते, ‘कोणत्या फ्युनरल होमला कळवायचं?’ घाबरून जवळचं एखादं नाव सांगितलं की ते लोक येऊन पार्थिव घेऊन जातात. नंतर दुसरीकडे निम्मा दर आहे असं कळलं तरी तिथून हलवायला पहिल्यांचे वाहतुकीचे आणि सेवेचे पैसे, शिवाय दुसऱ्यांचे वेगळे. म्हणून त्या क्षणी नाव सांगू नका, उलट विचारा: ‘तुमच्याकडे शीतगृहात किती वेळ ठेवता येईल?’ बहुतेक हॉस्पिटलांत निदान एखादा दिवस तरी मिळतो. तेवढ्यात चार ठिकाणी फोन होतात. आजारपण आधीपासून असेल तर ते चार फोन आजच करून ठेवा.

घरी मृत्यू झाला तर दोन वाटा आहेत. हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारात त्रास कमी करणारी सेवा, चालू असेल तर ९११ (तातडीच्या मदतीचा नंबर) नव्हे, हॉस्पिसच्या नर्सला बोलवायचं. ती मृत्यूची नोंद करते आणि पुढचं सोपं होतं. हॉस्पिस नसेल तर ९११ ला पर्याय नाही. मग पोलीस येतात, प्रकरण मेडिकल एक्झामिनरकडे, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणाऱ्या सरकारी डॉक्टरकडे, जाऊ शकतं. त्यांनी ठरवलेल्या शवविच्छेदनाचे पैसे कुटुंबाकडून घेत नाहीत, पण दिवस जातात.

आता तुमच्या हातातलं सगळ्यात मोठं साधन. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या केंद्रीय सरकारी संस्थेचा ‘फ्युनरल रूल’ १९८४ पासून लागू आहे. त्यानुसार फ्युनरल होमला फोनवर विचारलेले दर सांगावेच लागतात, नाव-गाव न विचारता. प्रत्यक्ष गेलात तर ‘जनरल प्राइस लिस्ट’ हा छापील कागद घरी नेण्यासाठी द्यावाच लागतो. संकेतस्थळावर दर टाकण्याची सक्ती मात्र या नियमात नाही, म्हणून तिथे काही सापडलं नाही तर थांबू नका, फोन करा. पॅकेज दाखवलं तरी सुटे दर मागायचा आणि नको ते वगळायचा हक्क तुम्हाला आहे. वगळता न येणारी बाब एकच: ‘बेसिक सर्व्हिसेस फी’, म्हणजे नियोजन, कागदपत्रं अशा मूळ कामांचा ठरलेला आकार. आणि डायरेक्ट क्रिमेशनच्या दरात ती आधीच धरलेली असते. बिलात ती पुन्हा वेगळी दिसली तर तिथेच बोट ठेवा.

फोनवर नेमकं काय विचारायचं? ‘डायरेक्ट क्रिमेशन किती?’ एवढ्यावर थांबलात तर मिळणारा आकडा बहुधा अपुरा असतो. असं विचारा: ‘डायरेक्ट क्रिमेशनचा सगळं धरून शेवटचा आकडा सांगा. त्यात दहनगृहाची फी आहे का? साधी पेटी आहे का? अमुक हॉस्पिटलमधून आणायचं आहे, अंतराचे जादा पैसे पडतील का? रात्री किंवा रविवारी वेगळा दर आहे का? शीतगृहाचे किती दिवस फुकट? वजनाची मर्यादा काय? काउंटीचा (जिल्हा प्रशासनाचा) दहन-परवाना आणि दाखल्यांची फी धरली आहे का?’

हे प्रश्न का, ते एका उदाहरणाने बघा. समजा एकाने ९९५ डॉलर सांगितले आणि दुसऱ्याने १,७९५. पहिला स्वस्त वाटतो. पण त्याचे ९९५ हे ‘पेटी ग्राहकाने आणल्यास’ या ओळीतले. नियमानुसार ती ओळ यादीत असतेच. वर पेटीचे १२५, दहनगृहाचे ४५०, जादा अंतराचे १५०, परवाना आणि दाखल्यांचे १२० धरले की बेरीज १,८४० होते. दुसऱ्याच्या १,७९५ मध्ये हे सगळं असेल तर तोच स्वस्त. म्हणून शेवटचा आकडा ईमेलवर लेखी मागवा. आणखी एक: शहरातली तीन-चार वेगवेगळ्या नावांची फ्युनरल होम्स एकाच कंपनीची असू शकतात, जुनी घरगुती नावं तशीच ठेवून. त्यांच्यातच तुलना केलीत तर तुलना झालीच नाही. ‘मालक कोण?’ हेही विचारा. फ्युनरल कन्झ्युमर्स अलायन्स या ना-नफा संस्थेच्या काही स्थानिक शाखा आपापल्या भागातले दर गोळा करून प्रसिद्ध करतात; तुमच्या भागातली यादी मिळाली तर अर्धं काम झालं.

पुढे कशाला ‘नको’ म्हणायचं ते. पहिलं एम्बामिंग, म्हणजे रसायनं भरून पार्थिव टिकवणं. दहनासाठी त्याची कायद्याने गरज नाही, आणि गरज नसताना ‘कायद्याने लागतं’ असं सांगणं हा नियमभंग आहे. सार्वजनिक दर्शन ठेवायचं असेल तर मात्र एखादं फ्युनरल होम स्वतःचं धोरण म्हणून एम्बामिंगची अट घालू शकतं. घरच्या दहा-बारा माणसांनी अर्धा तास दर्शन घ्यायचं, शीतगृहातून थेट, अशी सोय बहुतेक ठिकाणी एम्बामिंगशिवाय होते. तिचे शब्द आहेत ‘प्रायव्हेट फॅमिली व्ह्यूइंग’ किंवा ‘आयडी व्ह्यूइंग’, तेच वापरा.

दुसरी शवपेटी. दहनासाठी कास्केट लागत नाही. पुठ्ठ्याची किंवा साध्या लाकडाची ‘अल्टरनेटिव्ह कंटेनर’ उपलब्ध करून देणं फ्युनरल होमवर बंधनकारक आहे. दर्शनाला चांगली पेटी हवीच असेल तर भाड्याची मिळते. आतला पुठ्ठ्याचा भाग तेवढा दहनाला जातो. बाहेरून विकत आणलेली पेटी त्यांना नाकारता येत नाही आणि त्यावर हाताळणीचे पैसेही लावता येत नाहीत. अस्थिकलशाचं तसंच: अस्थी प्लॅस्टिकच्या साध्या डब्यात मिळतातच, तांब्याचा कलश तुमचा तुम्ही आणा.

आपल्याकडच्या कुटुंबांचा खर्च वाढतो तो एका वेगळ्या जागी. मुलाने किंवा मुलीने स्वतः अग्नी द्यावा अशी इच्छा असते. इथे त्याला ‘विटनेस क्रिमेशन’ म्हणतात: पेटी भट्टीत जाताना जवळची माणसं उभी राहतात आणि बऱ्याच ठिकाणी बटण कुटुंबातल्या व्यक्तीला दाबू देतात. त्याचे वेगळे पैसे असतात, कधी काही शे डॉलर, आणि माणसांची मर्यादा असते. हा खर्च मला वायफळ वाटत नाही. कमी करायचा तो त्याच्या आधीचा: फ्युनरल होमचा हॉल, खुर्च्या, कर्मचारी, लिमोझिन. डायरेक्ट क्रिमेशन अधिक विटनेस एवढंच घ्या आणि मंत्र, आठवणी, लोकांचं भेटणं हे सगळं घरी किंवा मंदिराच्या सभागृहात ठेवा. गुरुजींची दक्षिणाही थेट द्या. फ्युनरल होममार्फत दिलेल्या अशा रकमेला ‘कॅश अ‍ॅडव्हान्स’ म्हणतात. त्यावर ते स्वतःचा आकार लावत असतील तर तसं लेखी सांगणं त्यांना भाग आहे. कापूर, उदबत्ती, तूप चालेल का ते आधीच विचारा, धुराच्या अलार्ममुळे आत ज्योत लावू देत नाहीत अशा जागा आहेत. काच, धातू, बंद डबे पेटीत ठेवायचे नाहीत.

पेसमेकर असेल तर तो फॉर्मवर लिहायला विसरू नका. भट्टीचं तापमान ७६० ते ९८० अंश सेल्सिअस असतं आणि त्यात पेसमेकरची बॅटरी फुटते. तो आधी काढावा लागतो, त्याची फी असू शकते.

वेळेचंही गणित आहे. बऱ्याच राज्यांत मृत्यूनंतर २४ किंवा ४८ तास दहन करता येत नाही. शिवाय डॉक्टरने कारण प्रमाणित करायला हवं, परवाना निघायला हवा, आणि दहनाच्या संमतीपत्रावर अधिकार असलेल्या नातेवाइकाची सही हवी. हा अधिकार सहसा आधी जोडीदाराचा. जोडीदार नसेल तर मुलांचा, आणि काही राज्यांत सगळ्या किंवा बहुसंख्य मुलांच्या सह्या लागतात. पुण्यातल्या बहिणीची सही मिळवण्यात तीन दिवस गेले तर शीतगृहाचा रोजचा आकार चालूच राहतो. ऑनलाइन सही चालते का, की नोटरी हवी, हे पहिल्याच फोनवर विचारून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं: आई-बाबांचा व्हिजिटर इन्शुरन्स. पॉलिसीत ‘रिपॅट्रिएशन ऑफ रिमेन्स’ (पार्थिव मायदेशी नेण्याचा खर्च) ही ओळ शोधा. तिच्या खाली किंवा शेजारी बऱ्याच योजनांत ‘लोकल बरियल ऑर क्रिमेशन’ असा पर्याय असतो, सहसा दोन्हींपैकी एकच मिळतो. बहुतेक पॉलिसींची अट अशी की व्यवस्था विमा कंपनीच्या मदत-कक्षामार्फत किंवा त्यांची पूर्वमान्यता घेऊनच करायची. आधी पैसे भरून नंतर पावत्या पाठवल्या की दावा फेटाळला जाऊ शकतो. म्हणजे हॉस्पिटलमधून पहिला फोन फ्युनरल होमला नाही, विमा कंपनीला. मृत्यू जुन्या आजाराने झाला तर हा लाभ मिळतो की नाही, तेही आत्ताच लेखी विचारून ठेवा.

पार्थिव भारतात न्यायचं ठरलं तर खर्च काही हजार डॉलरवर जातो: एम्बामिंग, हवाबंद पेटी, कॉन्सुलेटची कागदपत्रं, विमानाचं भाडं, तिकडून पुढची गाडी. इथे दहन करून अस्थी नेणं त्याच्या कितीतरी कमी पैशात होतं. अस्थी साधारण दोन-तीन किलो भरतात आणि हातातल्या सामानात नेता येतात. डबा एक्स-रेमधून आरपार दिसेल असा हवा, लाकडी किंवा प्लॅस्टिकचा. धातूच्या कलशातून आतलं दिसत नाही आणि तपासनीस तो उघडत नाहीत, तुम्ही सांगितलं तरी. त्यामुळे तांब्याचा कलश रिकामा सामानात ठेवा, अस्थी भारतात पोचल्यावर त्यात घाला. सोबत मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला आणि कॉन्सुलेटचं पत्र ठेवा. भारतीय पासपोर्ट रद्द करून घेण्याचं कामही कॉन्सुलेटमध्येच होतं.

पैशांच्या मदतीबद्दल थोडक्यात. सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे इथल्या सरकारी निवृत्तिवेतन योजनेचे, २५५ डॉलर मिळतात ते मृत व्यक्तीने इथे पुरेसं काम केलेलं असेल तरच, जोडीदाराला किंवा पात्र मुलाला, आणि अर्ज दोन वर्षांत करावा लागतो. पाहुण्या आई-बाबांना ते लागू नाही. आगाऊ पैसे भरून ठेवायच्या योजना सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी घेऊ नका. देहदानात बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयं दहनाचा खर्च स्वतः करतात आणि अस्थी काही आठवड्यांपासून दोन वर्षांपर्यंत कधीतरी परत देतात. पण संसर्ग, शवविच्छेदन किंवा वजन यांमुळे ऐन वेळी नकार येऊ शकतो, म्हणून डायरेक्ट क्रिमेशनचा एक दर हाताशी असूच द्या.

शेवटी एक कागद आजच करून फ्रिजवर किंवा कपाटात ठेवा. इथल्या मृत्यूच्या दाखल्यात मृताच्या वडिलांचं नाव आणि आईचं माहेरचं आडनाव विचारतात, आणि आजी-आजोबांची नावं त्या दिवशी आठवत नाहीत. आई-बाबा दोघांची ती नावं, जन्मतारीख, जन्मगाव, पासपोर्ट क्रमांक आणि पासपोर्टवरचं स्पेलिंग जसंच्या तसं लिहा. दाखल्यात एक अक्षर चुकलं तर दुरुस्तीला आठवडे जातात, आणि तोवर भारतातलं बँकेचं आणि मिळकतीचं काम अडून राहतं. प्रमाणित प्रती एकदमच मागवा, भारतातली बँक, पेन्शन, विमा, घर असं सगळं असेल तर आठ-दहा. त्यांतल्या एक-दोन प्रतींवर ज्या राज्यात मृत्यू झाला त्या राज्याकडून अपॉस्टिल (दाखला परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) करून घ्या, भारतात गेल्यावर ते इथून करवून घेणं फार जिकिरीचं होतं.